चारही चाकांना जोर, तरी रस्ता निसरडाच

१९८६ साली ऑडी कंपनीने केलेली एक जाहिरात मोटारींच्या जगात आजही आठवली जाते. फिनलंडमधल्या काइपोला इथे स्कीवरून उड्या मारण्यासाठी बांधलेला एक उंच उतार आहे. सुमारे साडेसदतीस अंशांचा तो बर्फाळ उतार ऑडी १०० क्वाट्रो ही मोटार खालून वर चढून जाते, एवढंच त्या जाहिरातीत दिसतं. स्टिअरिंगवर होता जर्मन रॅलीपटू हाराल्ड डेमुथ. ज्या गाडीच्या चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळतो तिला बर्फ अडवू शकत नाही, अशी समजूत त्या चित्राने पक्की केली. गाडीच्या टायरांना धातूचे खिळे होते, हा तपशील मात्र फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही. २०१९ मध्ये याच कंपनीच्या विजेवरच्या ई-ट्रॉन गाडीने ऑस्ट्रियातल्या किट्सब्यूएल इथल्या स्ट्राइफ या प्रसिद्ध स्की-उताराचा सर्वांत तीव्र भाग उलट्या दिशेने चढून दाखवला. तेव्हाही टायर खास बनवलेले आणि खिळ्यांचेच होते.

दोन्ही वेळा नाव झालं ते ऑल-व्हील ड्राइव्हचं. आपल्याकडे जिला सर्रास ‘फोर बाय फोर’ म्हणतात, त्या सोयीबद्दलचा लोकांचा विश्वास अशाच चित्रांवर पोसलेला आहे. हिमाचलमध्ये बर्फ बघायला निघालेलं कुटुंब असो, कॅनडात पहिला हिवाळा काढणारा मराठी इंजिनिअर असो, की पावसाळ्यात ताम्हिणी घाट उतरणारा पुणेकर. ‘गाडी फोर बाय फोर आहे, काळजी नाही’ हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. त्यातला पहिला भाग खरा असतो. दुसऱ्या भागाची तपासणी करायला हवी.

मुळात कशासाठी?

चारही चाकांना जोर देण्याची कल्पना प्रवासी मोटारींत रुजली ती अगदी साध्या गरजेतून. जपानच्या उत्तर भागातल्या तोहोकू वीज कंपनीच्या कर्मचाऱ्यांना हिवाळ्यात डोंगरातल्या वाहिन्यांवर जावं लागे. उघड्या जीपमध्ये ते गारठत. त्यांना बंदिस्त, उबदार, पण बर्फात न अडकणारी गाडी हवी होती. मियागी प्रांतातल्या सुबारूच्या विक्रेत्यांनी तशी गाडी जुळवून दिली आणि त्यातूनच १९७२ मध्ये सुबारूची लिओन फोर-व्हील ड्राइव्ह इस्टेट व्हॅन बाजारात आली. १९८० च्या जिनिव्हा प्रदर्शनात ऑडीने क्वाट्रो आणली आणि रॅलीच्या मातीत, चिखलात, बर्फात तिने दबदबा निर्माण केला. १९८१ मध्ये मिशेल मुतों हिने याच गाडीतून सान रेमो रॅली जिंकली आणि जागतिक रॅली स्पर्धेतली फेरी जिंकणारी ती पहिली महिला ठरली. वीजवाहिन्यांपर्यंत पोहोचणं आणि वळणातून इतरांपेक्षा लवकर वेग धरणं, ही दोन्ही कामं पुढे जाण्याची होती.

या इतिहासात एक गाडी वेगळी उठून दिसते. १९६६ मध्ये ब्रिटनमध्ये जेन्सन एफएफ ही गाडी आली. मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरमुळे आपल्या शेतकऱ्यांना ज्यांचं नाव ओळखीचं आहे, त्या हॅरी फर्ग्युसन यांच्या संशोधन कंपनीने तिची चार चाकांची यंत्रणा तयार केली होती. याच गाडीत डनलॉपची मॅक्सारेट ही विमानांसाठी विकसित झालेली, ब्रेक मारल्यावर चाकं जॅम होऊ न देणारी यंत्रणाही बसवली होती. जोर आणि ब्रेक हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे तिच्या रचनाकारांना नेमकं उमगलं होतं. गाडी महाग होती, जेमतेम ३२० च्या आसपास तयार झाल्या आणि ती मागे पडली. पुढे बाजाराने यातला पहिला प्रश्न गाजवला. दुसऱ्याचं उत्तर सर्वसामान्य गाडीपर्यंत यायला कित्येक वर्षं लागली.

पकडीचा हिशेब

गाडी आणि रस्ता यांचा संबंध येतो तो चार ठिकाणी, प्रत्येकी साधारण तळहाताएवढ्या रबराच्या पट्टीतून. वेग वाढवणं, ब्रेक लावणं आणि वळणं या तिन्ही क्रियांसाठी लागणारा जोर तिथूनच मिळतो. पकड महिन्याच्या पगारासारखी असते: रक्कम ठरलेली, आणि एका खर्चाला जास्त दिलं की दुसऱ्याला कमी पडतं. जर्मन अभियंता वुनिबाल्ड काम यांच्या नावाने ओळखलं जाणारं ‘पकडीचं वर्तुळ’ हेच सांगतं. ऑल-व्हील ड्राइव्ह ही रक्कम वाढवत नाही. इंजिनाच्या जोराची वाटणी दोनऐवजी चार चाकांत करते, एवढंच.

तेवढ्यानेही फरक पडतो, आणि तो कमी लेखण्यासारखा नाही. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक साधारण ०.८ धरतात. ओल्या रस्त्यावर तो ०.५ च्या आसपास येतो, दाबून घट्ट झालेल्या बर्फावर ०.२ आणि काचेसारख्या गोठलेल्या थरावर ०.१ किंवा त्याहूनही खाली. आता ०.२ चा बर्फ घेऊ. दोन चाकांना जोर असलेल्या गाडीत त्या चाकांवर गाडीचं साधारण निम्मं वजन असतं, म्हणून पुढे जाण्यासाठी निम्मीच पकड वापरता येते. अशी गाडी फार तर १० टक्के चढ चढेल. चारही चाकांना जोर असलेली गाडी २० टक्क्यांपर्यंत जाईल. शून्यापासून ताशी ५० किलोमीटरचा वेग गाठायला पहिलीला सुमारे १४ सेकंद लागतील, दुसरीला ७. रुतलेली गाडी बाहेर काढणं, बर्फाळ चढावर थांबून पुन्हा निघणं, चिखलातल्या वाडीच्या रस्त्याने जाणं यांत ही सोय खरोखर तारून नेते.

पण ब्रेक सगळ्याच गाड्यांच्या चारही चाकांना असतो. पन्नासच्या वेगाने त्याच बर्फावर जाणाऱ्या दोन्ही गाड्यांनी एकाच जागी ब्रेक मारला, तर दोघींनाही थांबायला सुमारे ४९ मीटर लागतात. कोरड्या रस्त्यावर हेच अंतर १२ मीटर असतं, गोठलेल्या थरावर ९८. त्यात चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत गाडी जे अंतर कापते ते वेगळं. वळणाचंही तसंच. ५० मीटर त्रिज्येचं वळण कोरड्या रस्त्यावर ताशी ७० च्या वेगापर्यंत कसंबसं घेता येतं; घट्ट बर्फावर हीच मर्यादा ३६ च्या आसपास येते. जोर दोन चाकांना आहे की चारांना, याने त्या आकड्यात काही फरक पडत नाही.

थोडक्यात, दोन्ही गाड्यांच्या थांबण्याच्या आणि वळण्याच्या मर्यादा सारख्याच. त्या मर्यादेपर्यंत पोहोचायला मात्र एकीला निम्माच वेळ लागतो.

हरवलेली सूचना

खरा धोका इथे सुरू होतो. दोन चाकांची गाडी निसरड्या रस्त्यावर निघताना चाकं जागच्या जागी फिरवते, मागचा भाग किंचित हलतो, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकतो. रस्ता घसरडा आहे हे चालकाला पहिल्या दहा मीटरांत कळतं आणि तो आपोआप सावध होतो. चार चाकांची गाडी त्याच रस्त्यावर निमूटपणे निघते. चालकाला रस्ता कोरडा असल्यासारखा वाटतो, वेगही तसाच ठेवला जातो. घसरडेपणाची पहिली बातमी त्याला ब्रेक मारल्यावर किंवा वळणात शिरल्यावर मिळते, आणि तोवर उशीर झालेला असतो.

सुरक्षेची भावना माणसाला धीट करते, याचा अनुभव मोटारींना नवा नाही. १९८० च्या दशकात म्युनिकमधल्या टॅक्सींवर एक गाजलेला अभ्यास झाला. एकाच ताफ्यातल्या काही टॅक्सींना एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं जॅम होऊ न देणारी यंत्रणा होती, काहींना नव्हती. एबीएसवाल्या टॅक्सींचे अपघात कमी झाले नाहीत. त्यांचे चालक वळणं अधिक जोरात घेत होते आणि ब्रेकही उशिरा, जास्त कडक मारत होते. नॉर्वेत नव्या चालकांना घसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचं प्रशिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा तरुण चालकांचे घसरण्याचे अपघात उलट वाढल्याचं आढळलं. गाडी सावरता येते या आत्मविश्वासाने ती मुलं जास्त वेगाने जाऊ लागली होती. त्यानंतर अशा प्रशिक्षणाचा भर बदलत गेला. गाडी सावरण्याच्या कौशल्यापेक्षा, ताबा किती लवकर सुटतो हे चालकाला स्वतः अनुभवायला लावणं महत्त्वाचं मानलं जाऊ लागलं.

सगळ्या यंत्रणा सारख्या नसतात

‘चारही चाकांना जोर’ या एका नावाखाली बरंच काही विकलं जातं. जुन्या जिप्सीत किंवा आजच्या थार आणि जिम्नीत असतं ते गरजेपुरतं जोडायचं फोर-व्हील ड्राइव्ह. पुढची आणि मागची चाकं त्यात एकमेकांशी पक्की जोडली जातात, त्यामुळे चांगल्या डांबरावर ते लावून चालवायचं नसतं. वळणात चाकं एकमेकांशी भांडतात आणि यंत्रणेवर ताण येतो. दुसरा प्रकार कायम चालू असणाऱ्या यंत्रणेचा. तिसरा, आजच्या बहुतेक शहरी एसयूव्हींमधला: एरवी दोनच चाकांवर चालणाऱ्या या गाडीत चाक घसरायला लागलं, किंवा घसरेल असा संगणकाचा अंदाज झाला, की उरलेल्या चाकांकडे जोर वळवला जातो. १९९८ मध्ये ऑडी टीटी आणि फोक्सवॅगन गोल्फमध्ये आलेल्या स्वीडिश हाल्डेक्स क्लचने हा प्रकार रूढ केला.

चढताना यांच्यातला फरक जाणवतो. वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबल्यावरही चांगली यंत्रणा गाडी सरळ ठेवायला मदत करते. विजेच्या गाडीत मोटरच वेग कमी करते तो रिजनरेशनचा ब्रेक दोनऐवजी चारही चाकांत वाटला गेला, तर घसरड्या उतारावर तोही फायदाच. पण पाय ब्रेकवर घट्ट गेला की हे सगळे प्रकार एका रांगेत येतात.

मोठ्या एसयूव्हीत आणखी एक गोष्ट धोक्यात भर घालते. तिची उंची जास्त, गुरुत्वमध्य वर. आडवी घसरत जाऊन कठड्याला किंवा कच्च्या साइडपट्टीला चाक अडलं, तर ती लहान मोटारीपेक्षा सहज उलटते.

टायरकडे वळलेले कायदे

बर्फाळ देशांनी अनुभवातून जे नियम केले, त्यांत टायरला दिलेलं महत्त्व बघण्यासारखं आहे. साध्या टायरचं रबर थंडीत कडक होतं; तापमान साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की त्याची पकड घटत जाते. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं, आणि त्याच्या नक्षीतल्या असंख्य बारीक चिरा बर्फ धरून ठेवतात. हा शोधही गरजेतूनच आला: फिनलंडच्या रबर कारखान्याने १९३४ मध्ये मालट्रकसाठी पहिला हिवाळी टायर काढला आणि १९३६ मध्ये मोटारींसाठी हाक्कापेलीट्टा. नोकियानच्या नावाने तो आजही विकला जातो. ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या अमेरिकी ग्राहक-मासिकाने होंडा सीआर-व्ही या चार चाकांच्या गाडीवर केलेल्या चाचणीत, साधे टायर काढून हिवाळी टायर घातल्यावर बर्फावर थांबण्याचं अंतर निम्म्याच्या आसपास आलं होतं. गाडी तीच, यंत्रणा तीच.

कॅनडाच्या क्युबेक प्रांतात २००८ पासून हिवाळ्यात हिवाळी टायर सक्तीचे आहेत, आणि ऑल-व्हील ड्राइव्हला त्यातून सूट नाही. ओंटारिओत सक्ती नाही, पण २०१६ पासून हिवाळी टायर लावणाऱ्याला विमा कंपनीने सवलत देणं बंधनकारक आहे. टोरांटोच्या परिसरात स्थिरावलेल्या अनेक मराठी घरांना हा हिशेब माहीत आहे. अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगरातून जाणाऱ्या आय-७० महामार्गावर हिवाळ्यात चार चाकांच्या गाडीलाही टायरवर किमान ३/१६ इंच, म्हणजे पावणेपाच मिलिमीटर नक्षी शिल्लक असावी लागते. कॅलिफोर्नियाच्या डोंगरी रस्त्यांवर तर नियम पायऱ्यापायऱ्यांनी कडक होतात. पहिल्या दोन पायऱ्यांवर बर्फाचे टायर लावलेल्या चार चाकांच्या गाड्यांना चाकांवर साखळ्या लावण्यातून सूट मिळते, अर्थात साखळ्या गाडीत असाव्याच लागतात. तिसऱ्या पायरीवर सगळ्या गाड्यांना साखळ्या, अपवाद कुणालाही नाही. परिस्थिती तिथवर जाण्याआधी बहुधा रस्ताच बंद केला जातो.

अमेरिकेच्या केंद्रीय महामार्ग प्रशासनाच्या आकडेवारीनुसार बर्फाळ, चिखलाळ बर्फाच्या किंवा गोठलेल्या रस्त्यांवर तिथे दरवर्षी १,३०० हून अधिक लोक मरतात आणि १,१६,००० हून अधिक जखमी होतात. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी टेक्ससमधल्या फोर्ट वर्थजवळ आय-३५ डब्ल्यू महामार्गावर पहाटे पडलेल्या गोठणाऱ्या पावसाने डांबरावर दिसेल न दिसेल असा पारदर्शक थर धरला. एकामागून एक १३० हून अधिक वाहनं एकमेकांवर आदळली, सहा जण मेले. त्या ढिगाऱ्यात लहान मोटारी होत्या, पिकअप होते, अवजड मालट्रकही होते. पुढचा ढीग दिसल्यावर प्रत्येकाने ब्रेक मारला असणार. थांबवायला रस्त्याकडे पकडच नव्हती. पुलांवर आणि उन्नत रस्त्यांवर असा थर आधी धरतो, कारण त्यांना खालूनही गार हवा लागते.

मनालीपासून बोरघाटापर्यंत

भारतात हा प्रश्न बर्फाच्या रूपात भेटतो तो मुख्यतः हिमालयात. ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगदा सुरू झाला आणि मनालीहून लाहौलचा बर्फ तासाभरावर आला. २०२४ च्या नाताळच्या तोंडावर सोलंग आणि बोगदा यांच्यामधल्या रस्त्यावर सुमारे हजार वाहनं अडकली. असा बर्फ पडला की पोलीस बहुधा फक्त फोर बाय फोर आणि चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्या सोडतात. वाहतूक अडून राहू नये यासाठी तो नियम योग्यच आहे. पण त्यातून पर्यटकाला भलताच संदेश मिळतो: आपल्या गाडीला परवानगी आहे, म्हणजे ती सुरक्षित आहे. चढताना ती सुरक्षितच भासते. परतीचा रस्ता उताराचा असतो, दुपारी वितळलेलं पाणी संध्याकाळी पुन्हा गोठलेलं असतं, आणि गाडीला असतात ते मैदानी उन्हाळ्यासाठी बनलेले टायर. साखळ्या खरोखर उपयोगी पडतात त्या तिथे.

महाराष्ट्रात बर्फ नाही, पण चार महिने पाऊस आहे. पहिल्या सरींत रस्त्यावर साचलेलं तेल, टायरची भुकटी आणि धूळ यांचा बुळबुळीत लेप तयार होतो. कोकणात तांबडी माती वाहून येते, घाटातल्या सावलीतल्या वळणांवर शेवाळ धरतं. अशा चिखलाच्या थरावर घर्षण ०.३ पर्यंत उतरलं आणि रस्ता ८ टक्के उताराचा असला, तर ताशी ६० वेगाच्या गाडीला थांबायला ६० मीटरहून जास्त अंतर लागतं. सपाट कोरड्या रस्त्यावर १८ मीटर पुरतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या घाट भागात मोटारींना ६० ची मर्यादा आहे ती अशाच हिशेबासाठी. न्यूट्रलमध्ये उतरणारा ट्रक असो किंवा फोर बाय फोरच्या भरवशावर उतरणारी एसयूव्ही, दोघांनीही थांबण्याचा हिशेब मागे टाकलेला असतो.

दुसरा धोका साचलेल्या पाण्याचा. वेग वाढला की टायर पाणी बाजूला सारू शकत नाही आणि पाण्यावर तरंगू लागतो. नासाच्या लँगली केंद्रात १९६० च्या दशकात विमानांच्या टायरांवर झालेल्या अभ्यासातून त्याचं एक सोपं सूत्र निघालं: हा वेग टायरमधल्या हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. ३२ पीएसआय हवा असेल तर हा वेग येतो ताशी सुमारे ९४ किलोमीटर. हवा २४ वर आली की ८२. झिजलेल्या टायरची पकड त्याआधीही सुटू शकते. द्रुतगती मार्गावर सपाटीला मोटारींची मर्यादा १०० ची आहे, म्हणजे मुसळधार पावसात कायदेशीर वेगानेही गाडी पाण्यावर तरंगू शकते. तरंगणाऱ्या टायरला जोर दिला काय आणि न दिला काय, रस्ता त्याच्या हाताला लागत नाही.

चार चाकांच्या गाडीत आणखी एक अडचण उद्भवते. चारही टायरचा घेर जवळजवळ सारखा असावा लागतो, नाहीतर पुढच्या-मागच्या चाकांना जोडणाऱ्या यंत्रणेवर ताण येतो. म्हणून टायर बदलायचे तर चारही एकदम, असा सल्ला मिळतो. खर्च मोठा, म्हणून मालक बदलणं लांबवतो. कायद्याने नक्षी किमान १.६ मिलिमीटर असावी लागते. पावसासाठी ३ मिलिमीटरच्या खाली जाऊ नये असं जाणकार सांगतात. महागडी यंत्रणा आणि गुळगुळीत टायर अशी जोडी रस्त्यावर दिसते ती यामुळेच.

खर्च कुठे करावा?

अपघात टाळण्याच्या कामात ज्या यंत्रणेने स्वतःला सिद्ध केलं आहे ती वेगळी आहे. इलेक्ट्रॉनिक स्टेबिलिटी कंट्रोल, म्हणजे ईएससी, १९९५ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमधून सुरू झालं. गाडी चालकाने वळवली त्या दिशेऐवजी भलतीकडे सरकू लागली, की ते एकेका चाकाला स्वतंत्रपणे ब्रेक लावून तिला मार्गावर आणतं. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेच्या अभ्यासात एकट्या गाडीच्या प्राणघातक अपघातांचा धोका त्याने जवळजवळ निम्म्यावर आणल्याचं दिसलं. २०१२ च्या मॉडेलपासून ते अमेरिकेत सक्तीचं झालं, तर नोव्हेंबर २०१४ पासून युरोपातल्या सगळ्या नव्या मोटारींत. भारतात एबीएस एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या मोटारींना बंधनकारक आहे, आणि भारत एनकॅप या सुरक्षा-चाचणीत तीन किंवा जास्त तारे मिळवायचे तर ईएससी असावंच लागतं. पकड संपली की तेही हतबल होतं, पण चूक लहान असेल तर सावरतं, आणि त्याचं काम वळणात व घसरताना चालतं, जिथे ऑल-व्हील ड्राइव्ह बहुधा गप्प असतं.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसं मेली; त्यांतले सात दशांशांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर नोंदले गेले. या आकड्यांकडे बघताना शोरूममधली चर्चा फार अपुरी वाटते. डोंगराळ वाडीत राहणाऱ्याला, कच्च्या रस्त्याने रोज जाणाऱ्याला फोर बाय फोर हवंच. शहरात राहून वर्षातून एकदा मनालीला आणि पावसाळ्यात चार वेळा कोकणात जाणाऱ्याने मात्र त्यासाठी मोजायचे जास्तीचे पैसे आधी चांगल्या टायरांवर आणि ईएससी असलेल्या मॉडेलवर खर्च करावेत.

टायर निवडायला त्याला मदतही मिळायला हवी. भारतात विकल्या जाणाऱ्या टायरांना ओल्या रस्त्यावरच्या पकडीची किमान कसोटी लागू करणारे नियम २०२२ मध्ये जाहीर झाले आणि टप्प्याटप्प्याने अमलात आले. युरोपात ग्राहकाला याच्या पुढची माहिती मिळते: तिथल्या टायरवरच्या लेबलावर ओल्या रस्त्यावरची पकड अ ते ई अशा पाच श्रेणींत छापलेली असते, आणि मे २०२१ पासून बर्फासाठी आणि गोठलेल्या रस्त्यासाठी वेगळी चिन्हंही असतात. इथल्या दुकानात टायर निवडणाऱ्याला बहुतेक वेळा भाव, कंपनीचं नाव आणि दुकानदाराचा शब्द एवढ्यावर भागवावं लागतं. फ्रिज आणि एसीवरच्या ताऱ्यांनी वीजबचतीचा विचार घराघरात पोहोचवला. ओल्या रस्त्यावर गाडी किती मीटरांत थांबेल हे सांगणारं लेबल प्रत्येक टायरवर ठळकपणे दिसणं, ही पावसाळ्यात घाट उतरणाऱ्या लाखो लोकांसाठी पुढची मागणी असली पाहिजे.